पुराच्या रात्री मूल घरात नव्हतं, तरी लक्षणं त्याच्यातच जास्त: सुरुवात कुणापासून?

शाळा_समुपदेशन:
मूल ८ वर्षांचं. पूर आला तेव्हा दुसऱ्या गावी, सुखरूप. आईवडील मात्र रात्रभर छपरावर अडकलेले. आता ३ महिने झाले. पाऊस लागला की मुलाच्या पोटात दुखतं, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलंय, आईला सोडून शाळेत बसत नाही. पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीत मात्र 'मुलाला काही त्रास नाही'. उपचार मुलावर करायचे की पालकांवर?

बालमन:
दोघांवर, पण आधी आईवडिलांची झोप आणि दचकणं बघा. ऑस्ट्रेलियात १९८३ च्या 'अ‍ॅश वेन्सडे' वणव्यानंतर मनोविकारतज्ज्ञ मॅकफार्लेन यांनी मुलांचा पाठपुरावा केला. मूल आगीच्या किती जवळ होतं किंवा घरचं किती नुकसान झालं, यापेक्षा तीन गोष्टी जास्त भारी ठरल्या: आपत्तीनंतर लगेच आईवडिलांपासून झालेली ताटातूट, आईचं मन आपत्तीतच अडकून राहणं आणि घराची बदललेली घडी. तुमच्या मुलाच्या वाट्याला तर ताटातूटही आलीय.

प्रश्नावलीवर विसंबू नका. सुन्न झालेल्या पालकाला मुलाची भीती दिसत नाही, धास्तावलेल्याला नसलेलीही दिसते. त्यात आई रडू नये म्हणून मुलं त्रास लपवतात. मुलाशी एकट्यानं बोला. अंथरूण ओलं होतंय तर लघवीची तपासणीही करून घ्या. ते दरवेळी मनाचंच असतं असं नाही.

घरभेट:
पालकांचे ढोबळ तीन प्रकार दिसतात. एक गप्प, अलिप्त. दुसरा मुलाला नजरेआड होऊ न देणारा. तिसरा मुलासमोर तेच तेच उगाळणारा, 'तुला पाण्याची भीती वाटते ना?' असं दहादा विचारणारा. तिसरा सगळ्यात अवघड, कारण त्याला वाटतं आपण मुलाला मोकळं करतोय.

गप्प पालकाला एकच वाक्य शिकवा: 'तो आवाज ऐकून मी दचकले. आता पाणी नाही. थोड्या वेळात बरं वाटेल.' कारण कळलं नाही तर मूल ते स्वतः रचतं, आणि बहुधा दोष स्वतःकडेच घेतं. हवामानाचा अंदाज दिवसात दोनदाच, मुलापासून दूर बघायचा.

शाळा_समुपदेशन:
आई दुसऱ्या प्रकारातली. शाळेच्या फाटकापाशी बसून असते.

घरभेट:
मग पायऱ्या पाडा. घरातच आधी ५ मिनिटं दुसऱ्या खोलीत, मग १०, मग २०. पुढे शाळेच्या फाटकाऐवजी रस्त्याच्या टोकाला. सांगितलेल्या वेळेला परत यायचंच. बहुतेक ठिकाणी घोटाळा मधेच होतो: आई 'ठीक आहेस ना?' विचारायला डोकावते आणि मुलाला धोका खरा वाटतो. एक पायरी सलग ३ दिवस जमली की पुढची. जमली नाही तर मागे या, पण पूर्ण सोडू नका.

बालमन:
महिना उलटून गेलाय आणि शाळा बुडतेय, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. आघातकेंद्री सीबीटी (आघातानंतरचे विचार आणि वागणं सावरणारी, बोलण्यातून चालणारी उपचारपद्धत) साधारण १२ ते १६ सत्रांची असते, पालकांची सत्रं समांतर चालतात. मुलाचं सांगणं आईनं ऐकायचं ते ती कोलमडणार नाही इतपत सावरल्यावर. घाई केली तर मूल पुन्हा गप्प होतं. घरात मारहाण, दारू किंवा जीव द्यायची भाषा असेल तर पायऱ्या वगैरे बाजूला, त्याच दिवशी पाठवा.