मदत हवी आहे: नलारबॉरचं ओसाड मैदान ओलांडायच्या आधीच कॅरॅव्हॅनचं चाक तापतंय

नमस्कार मंडळी. पर्थहून मेलबर्नला घरी परत निघालोय, आम्ही दोघं आणि सासूबाई. आज नॉर्समनला मुक्काम. इथून आयर हायवे सुरू होतो. सेडुना साधारण १२०० किमी, मध्ये जवळजवळ नुसती रोडहाउस (पेट्रोल-जेवणाचे थांबे). बॅलाडोनियाच्या पुढे तर १४६.६ किमी रस्त्याला एक वळण नाही.

दुपारी डिझेलला थांबलो तेव्हा नेहमीप्रमाणे कॅरॅव्हॅनच्या चाकांच्या हबला (मधल्या भागाला) हात लावून पाहिला. उजवा कोमट, डावा चटका बसेल इतका गरम. रिमवर ग्रीसचा काळा ओघळही दिसला. बेअरिंग गेलंय की ब्रेक घासतोय? जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर कळेल का? कालगुर्लीला १९० किमी मागे जावं, की मेकॅनिकला इथेच बोलवावं? ह्यांना वाटतं, हळूहळू पुढे जाऊ. मला ते अजिबात पटत नाही, सासूबाई सोबत आहेत.

आणखी एक. सेडुनाच्या तपासनाक्यावर फळमाशीमुळे ताजी फळं-भाज्या काढून घेतात, म्हणून टोमॅटो-मिरच्या संपवतोय. पण सासूबाईंनी वाळवलेला कढीपत्ता चालतो का?

ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांनी प्लीज आज रात्रीच सांगा, सकाळी निघायचंय.