क्यूपाथ: ट्यूमरच्या सीमेत राहूनही केआय-६७ ची टक्केवारी चुकते

प्रश्न
स्तनाच्या कर्करोगाच्या स्लाइडवर केआय-६७ ची (विभाजित होणाऱ्या पेशींत दिसणाऱ्या प्रथिनाची) टक्केवारी काढण्यासाठी मी क्यूपाथ हे ऊतीच्या डिजिटल प्रतिमा तपासण्याचे सॉफ्टवेअर वापरते आहे. ऊतीभोवती एक मोठे ॲनोटेशन (प्रतिमेवर आखलेली सीमा) काढून त्यावर पॉझिटिव्ह सेल डिटेक्शन, म्हणजे पेशी शोधून त्यांना तपकिरी रंगावरून पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह ठरवणारी आज्ञा, चालवले, नंतर आत 'ट्यूमर' क्लासची तीन ॲनोटेशन्स काढली आणि 'रिझॉल्व्ह हायरार्की' (कोणते ॲनोटेशन कशाच्या आत आहे ते ठरवणारी आज्ञा) केले. यादीत दोन ॲनोटेशन्स ऊतीच्या ॲनोटेशनखाली गेली, तिसरे मात्र बाहेरच राहिले. शिवाय डोळ्यांनी पाहता ट्यूमरमधली साधारण पाचातली एक पेशी तपकिरी दिसत असताना पहिल्या तुकड्यात ११ टक्के येतात आणि लिम्फोसाइटची (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची) गर्दी असलेल्या तिसऱ्यात ३४. माझे नेमके कुठे चुकते?

उत्तर १
तिसऱ्या ॲनोटेशनची कड मोठी करून पाहा. ती ऊतीच्या रेषेबाहेर थोडी तरी गेलेली असणार. एक ॲनोटेशन दुसऱ्याच्या आत धरले जाण्यासाठी ते पूर्णपणे आत असावे लागते, पेशीचा मात्र केवळ मध्यबिंदू आत असला तरी पुरतो. कड आत ओढा आणि पुन्हा रिझॉल्व्ह करा. टक्केवारीचा प्रश्न मात्र याने सुटणार नाही.

उत्तर २
टक्केवारी चुकते, कारण पेशी कुठे आहे यावरून ती कोणती आहे हे ठरवले जात आहे. ट्यूमरच्या सीमेत फायब्रोब्लास्टही (आधारऊतीतल्या पेशी) असतात आणि लिम्फोसाइटही. पहिले बहुधा निगेटिव्ह असल्याने टक्केवारीच्या भागाकारातला छेद फुगवतात, दुसऱ्यांपैकी विभाजनाच्या तयारीतले तपकिरी होऊन अंश फुगवतात. तुमचे ११ आणि ३४ बहुधा यातूनच आले असावेत. सीमा कितीही काळजीपूर्वक काढली तरी हे मिश्रण वेगळे होत नाही, म्हणून पेशींनाच क्लास द्यावा लागतो.

पॉइंट्स टूलने तिन्ही प्रकारच्या पेशींवर ठिपके ठेवा, त्यांना क्लास द्या आणि ऑब्जेक्ट क्लासिफायर (पेशींचा प्रकार ओळखायला शिकणारे साधन) शिकवा. शिकवताना डॅबची (पॉझिटिव्ह पेशींना येणाऱ्या तपकिरी रंगाची) मोजमापे यादीतून आवर्जून काढून टाका, नाहीतर 'तपकिरी म्हणजे ट्यूमर' असेच तो शिकेल आणि ज्याचे मोजमाप करायचे तेच वर्गीकरणात मिसळेल. केंद्रकाचा आकार, गोलाई आणि हिमॅटॉक्सिलिनची (केंद्रकाला येणाऱ्या निळ्या रंगाची) गडदता ठेवा. 'स्मूद्ड फीचर्स' जोडल्यास शेजारच्या पेशींची सरासरीही मिळते आणि ट्यूमर व स्ट्रोमा (आधारऊती) चांगले वेगळे होतात. पण ट्यूमरच्या घोळक्यात शिरलेला एकटा लिम्फोसाइट त्या सरासरीत हरवतो. त्यामुळे सरासरीची त्रिज्या लहान ठेवा आणि अशा जागा स्वतः तपासा.

प्रश्नकर्ती
क्लासिफायर एकदा चालवला होता, पण 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' दोन्ही नाहीसे झाले, म्हणून सोडून दिला.

उत्तर २
क्लासिफायर जुना क्लास पुसून नवा लिहितो, म्हणून तसे झाले. आधी क्लासिफायर चालवा आणि त्यानंतर केंद्रकाच्या डॅबची मर्यादा लावा, म्हणजे 'ट्यूमर: पॉझिटिव्ह' असा मूळ क्लासवर बेतलेला उपक्लास तयार होईल. 'ट्यूमर पॉझिटिव्ह' नावाचा सुटा क्लास मात्र हाताने बनवू नका, कारण क्यूपाथला ते फक्त एक नाव वाटते आणि टक्केवारी निघत नाही. शेवटी भागाकार फक्त 'ट्यूमर' या मूळ क्लासच्या पेशींचा करा, आणि त्या किमान ५०० भरतात का हे आधी पाहा.