बेल कर्व्ह हवा की नको?

तिरकी रेघ
बेल कर्व्ह, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात (अप्रेझल) ठरलेल्या टक्क्यांत माणसं कोंबायची पद्धत, बंदच करावी, असं माझं मत. जॅक वेल्च प्रमुख असताना जीई या अमेरिकी कंपनीने 20-70-10 ची विभागणी रूढ केली: वरचे 20 टक्के, मधले 70 आणि तळाचे 10. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये अशी सक्ती सोडून दिली. गणित बघा ना. आठ जणांच्या टीमचे 10 टक्के म्हणजे 0.8 माणूस. तो पूर्ण करायला एकाचा बळी द्यायचा, मग आठही जणांनी काम चोख केलेलं का असेना. शेजारच्याला शिकवलं की आपलं रेटिंग घसरणार, हे कळल्यावर शिकवणार कोण?

पाटीपेन्सिल
असहमत. सक्ती काढलीत की सगळ्यांना पाचपैकी चार! मॅनेजरला वाईटपणा नको असतो. पगारवाढीचा पैसा मात्र मोजकाच. समजा टीमला 8 टक्के मिळाले आणि सगळेच 'उत्तम', तर दोघांचं काम ओढणाऱ्यालाही 8 टक्केच. पहिला राजीनामा त्याचा येतो.

तिरकी रेघ
पैसे कमीजास्त वाटायला माझी हरकत नाही. तळाला कुणीतरी असलंच पाहिजे, याला आहे.

दुरुस्तीवाला
टीमच्या आकाराचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपायही आहे. टक्के लावायचेच तर एकाच पातळीवरच्या पन्नास-साठ जणांना एकत्र धरून लावा, तेही अंदाजापुरते. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्या मॅनेजरांनी आपापली रेटिंग एकत्र ताडून पाहायच्या बैठकीत प्रत्येक रेटिंगमागे दोन-तीन ठोस कामं मांडायला लावा. 'मेहनती आहे' हे चालणार नाही. 'तक्रार सुटायला चार दिवस लागायचे, आता दोन लागतात' हे चालेल. घोळ होतो तो बैठकीतच: जो मॅनेजर तावातावाने बोलतो, त्याची माणसं वर सरकतात. म्हणून रेटिंग आधी लेखी घ्यायचं आणि सर्वांत वरिष्ठाने शेवटी बोलायचं.

पाटीपेन्सिल
ही ठोस कामं आठवणार कुणाला? वर्षअखेरीस डोक्यात असतात ते शेवटचे दोन महिने.

दुरुस्तीवाला
आठवायची नाहीत, लिहायची. दर शुक्रवारी माणशी दोन ओळी: तारीख, काय केलं, त्याने काय फरक पडला. आठ जणांना वीस मिनिटं पुरतात. एखाद्याच्या नावापुढे सलग तीन आठवडे काहीच नसेल, तर आधी स्वतःवर संशय घ्या. बहुधा तो गप्प बसून काम करणारा असतो आणि तुमचं लक्ष नसतं. उणीव दिसली तर त्याच आठवड्यात सांगा. अप्रेझलच्या खोलीत ती पहिल्यांदा कानावर पडली, तर चूक मॅनेजरची. आणि पगाराचा आकडा अप्रेझलच्या बैठकीत काढू नका, दोन-तीन आठवड्यांनी वेगळा सांगा. आकडा ऐकला की पुढचं काही डोक्यात शिरत नाही.

तिरकी रेघ
एवढं करणारा मॅनेजर असेल तर बेल कर्व्ह लागतोच कशाला?

पाटीपेन्सिल
वीस मॅनेजरांपैकी किती जण शुक्रवारी वही उघडतील, ते आधी सांगा.