दुसऱ्याचं करताना आपल्याला काय झालं? सांगलीकरांनो, लिहा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातलं घर सोडून आम्ही मिरजेच्या छावणीत. दोन दिवस मी भिंतीला टेकून होते, घास उतरेना, रात्री छाती धडधडायची. तिसऱ्या दिवशी कळलं, शेजारच्या आजींच्या बीपीच्या गोळ्या पुरात गेल्यात. त्या शोधायला बाहेर पडले, आणि मग छावणीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांची यादीच केली. कुणाची साखरेची गोळी, कुणाची थायरॉईडची. त्या रात्री गाढ झोपले. घर अजून पाण्यातच होतं! तुमच्या शरीराला काय जाणवलं, तेवढं लिहा.

जतहून
आमच्याकडं तेव्हा टँकर चालू होते. तरी बायकांनी भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली, टेम्पो सांगलीला धाडला. वडील गेल्यापासून आई चुलीपुढं बसली नव्हती. त्या दिवशी न सांगता परात ओढली. संध्याकाळी स्वतः जेवायला मागितलं.

मिरज, निवृत्त परिचारिका
मिशिगन विद्यापीठाच्या स्टेफनी ब्राऊन यांनी ४२३ वयस्क जोडप्यांचा पाच वर्षं अभ्यास केला, २००३ साली तो छापून आला. जे इतरांना आधार देत होते, त्यांच्यात मृत्यू कमी आढळले. नुसता आधार मिळणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. मला ते पटतं. पण वॉर्डात मी उलटंही पाहिलंय. रुग्णाचं दुखणं घरी घेऊन जाणाऱ्या मुली वर्षभरात कोमेजायच्या. मलाही ते दिवस आले होते. एका वयस्कर सिस्टरनं सांगितलं, खाटेपाशी बस, हात धर, ड्यूटी संपली की तोंड धू आणि घरी जा. त्यावर मी तीस वर्षं काढली.

विश्रामबाग
वरचं वाचून लिहायचं धाडस करतोय. वडिलांना अर्धांगवायू झाला. चार वर्षं एकट्यानं केलं, प्रेमानंच केलं, आणि माझंच बीपी १६० वर गेलं. कुणाला सांगायची लाज वाटायची. शेवटी समोरच्या काकांनीच विचारलं, मग गल्लीत पाळ्या लागल्या. मंगळवारी एक जण, शुक्रवारी काका. मी त्या दोन तासांत नुसता आमराईत चालून यायचो. तीन महिन्यांत डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली. वडील जाऊन वर्ष झालं. काका अजून शुक्रवारी येतात. कट्ट्यावर बसतो, चहा घेतो.