रेसिडेंट डॉक्टरने तक्रार करायची कुणाकडे?

वॉर्डाबाहेर:
रॅगिंग म्हटलं की लोकांना हॉस्टेल आठवतं. पीजीला, म्हणजे एमडी-एमएस करताना, ते वॉर्डात चालतं, पेशंटदेखत. फाइल अंगावर फेकायची, सगळी सॅम्पलं एकाच जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला) पोचवायला लावायची, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) त्याला नुसतं उभं ठेवायचं. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रेसिडेंट डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन सीनियर्सवर गुन्हा दाखल झाला. आपण आधीच तक्रार केली होती, असं कुटुंबाचं म्हणणं. आणि रॅगिंगविरोधी कायदा? तो महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. सात दिवसांत चौकशी, तथ्य दिसलं तर निलंबन आणि प्रकरण पोलिसांकडे. संस्थाप्रमुखाने चालढकल केली तर त्याचीही गुन्ह्याला साथ धरली जाते. कागदावर काही कमी नाही. माझं म्हणणं एवढंच, की तक्रार ऐकणारा त्या कॉलेजचा नसावा. थिसिसवर सही त्याच विभागाची, प्रॅक्टिकलला अंतर्गत परीक्षकही तिथलेच. तोंड उघडणार कोण?

जुना_सर्जन:
आम्हीही शिव्या खाल्ल्या, म्हणून हात तयार झाले. टेबलावर बाईला रक्तस्राव होत असताना गोड बोलत बसू? बाहेरच्या समितीला यातलं काय कळणार! उद्या राउंडला उशिरा आलेल्याला झापलं तरी छळाचा अर्ज येईल.

रेवाकाठ:
सर, गोड बोला असं कोण म्हणतंय? ओटीत ओरडलात, समजू शकते. पण केस संपल्यावर चहा पिताना "तू कोट्यातून आलीस ना" हे कुठल्या रक्तस्रावासाठी?

जुना_सर्जन:
ते चूकच. त्याला माझा पाठिंबा नाही. पण दोन्ही एकाच पिशवीत घालू नका.

नाइट_ड्यूटी:
मी सध्या जेआर-टू. तुम्ही समितीवर भांडताय, मूळ दुखणं तासांचं आहे. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी गेलेला जेआर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूमवर येतो. २०२४ मध्ये वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने ७४ तासांची मर्यादा सुचवली, तीही आम्हाला चैन वाटली! मला छळणारा सीनियर स्वतः झोपलेला नसतो. आधी जागा भरा, मग समिती चंद्रावरून आणा.

वॉर्डाबाहेर:
जागा भरायलाच हव्यात. पण झोप न झालेला सीनियर एचओडीवर (विभागप्रमुखावर) कधी खेकसलाय? खालच्यावरच खेकसतो. म्हणजे ताबा शाबूत असतो.

नाइट_ड्यूटी:
हे मात्र खरंय.

सरळसोट:
यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे की! १८००-१८०-५५२२. बाहेरचीच यंत्रणा.

रेवाकाठ:
तिथली तक्रार फिरून कॉलेजकडेच चौकशीला येते. तीन जेआर असलेल्या युनिटमधून तक्रार गेली तर नाव न घालताही कुणाची ते दुपारपर्यंत कळतं. शिवाय १९९९ च्या कायद्यात निलंबन विद्यार्थ्याचं. लेक्चररच छळत असेल तर?

सरळसोट:
आणि तक्रार खोटी निघाली तर? सीनियरचं सत्र वाया गेलं, ते कोण भरून देणार? निनावी अर्जावर निलंबन मला तरी मान्य नाही.

वॉर्डाबाहेर:
निलंबन नकोच लगेच. चौकशी होईपर्यंत युनिट बदला, आणि बदली सीनियरची करा. आजवर जेआरलाच हलवत आलेत. थिसिसचा गाइड आणि परीक्षक दुसऱ्या कॉलेजचा द्या. याला तुमची हरकत काय, तेवढं सांगा.