सापळ्यात हाताला पावडर लागली, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

प्रश्न: माझे मेहुणे सरकारी कर्मचारी असून लाचेच्या सापळ्यात अडकले आहेत. सापळ्यातील नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावलेली होती; सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बोटे बुडवताच ते गुलाबी झाले, असे पंचनाम्यात नमूद आहे. आता बचावाला काही वाव उरतो का, आणि शिक्षा किती होऊ शकते?

उत्तर: भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम ७ खाली किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व दंड आहे. मात्र गुलाबी रंगाने फार तर नोटांना स्पर्श झाल्याचे दिसते. लाचेची मागणी आणि तिचा स्वीकार या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाला स्वतंत्रपणे सिद्ध कराव्या लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

प्रश्नकर्ता: तक्रारदार साक्षीत फिरला, तर खटला आपोआप कोसळेल ना?

उत्तर: नाही, आणि त्या भरवशावर राहूही नका. त्याच निकालानुसार इतर साक्षीदार किंवा परिस्थितिजन्य पुरावा यांवरूनही मागणी सिद्ध होऊ शकते, आणि मागणी व स्वीकार एकदा सिद्ध झाले की कलम २० चे गृहीतक, म्हणजे पैसे लाच म्हणूनच घेतले असे मानणे, आरोपीच्या विरोधात जाते.

दुसरे उत्तर: मी वकील म्हणून भर घालतो. सापळ्याआधी मागणीची पडताळणी करतानाचे ध्वनिमुद्रण शब्दन्‌शब्द ऐका, कारण ‘तेवढं बघा’ एवढ्या मोघम वाक्यावर कधी कधी मागणी उभी केलेली असते. खटला चालवण्यासाठी लागणारी कलम १९ ची मंजुरी पदावरून दूर करण्यास सक्षम अधिकाऱ्यानेच दिली आहे का, हेही तपासा; पण केवळ तांत्रिक त्रुटीवर सुटका क्वचितच होते. तक्रारदाराला भेटायला मात्र कोणीही जाऊ नये. जामीन रद्द होण्यास तेवढे कारण पुरू शकते.