लढाईच्या काळात कामाला लागलेली पोरं: घरातल्या आठवणी लिहा

पोटासाठी परमुलुखात आलेल्या घरांतली चौदा-पंधरा वर्षांची पोरं दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत शिरली. आजी-आजोबांकडून कानावर पडलं असेल ते लिहा. ऐकीव चालेल, तिखटमीठ नको. सुरुवात मी करते.

आजोबा १९४२ ला राजापूरकडून लालबागला आले. गाववाल्यांच्या खोलीत बावीस जण. रातपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याची वळकटी अजून गरम असायची. गिरणीत लष्करासाठी खाकी निघत होती. कायद्याने १५ च्या आतल्या पोराला दिवसाला पाचच तास काम, म्हणजे पैसेही तेवढेच. म्हणून चौदा वर्षांच्या आजोबांचं वय त्यांच्या काकांनी 'सतरा पुरी' सांगितलं. डॉक्टरने बैलाचे बघतात तसे दात बघितले आणि सही ठोकली. आजोबा कागदावर तीन वर्षांनी मोठे झाले ते कायमचे. रिटायरही तीन वर्षं आधीच झाले!

शिवडीकर
आमचे अण्णाही गिरणीत होते, बदलीवर (कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी). १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं तेव्हा त्यांची दुसरी पाळी होती. 'जपान्यांनी बॉम्ब टाकला' म्हणत जॉबरच (मुकादम) सगळ्यांच्या आधी पळाला. अण्णा साचा (माग) बंद करून मग निघाले. सूत तुटलं तर दंड कोण भरणार?

ईस्ट बे, कॅलिफोर्निया
घरातली नाही, शेजारच्या आजींची आठवण चालेल ना? आईवडील सिसिलीहून पिट्सबर्गला आलेले (आमच्या कॅलिफोर्नियातलं, पोलादवालं नव्हे). वडील मच्छीमार. आजी तिथेच जन्मल्या, म्हणून अमेरिकन. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, नागरिकत्वाचे कागद राहूनच गेले. इटलीशी युद्ध जुंपलं आणि ती 'शत्रुदेशाची' ठरली. फेब्रुवारी १९४२ मध्ये राहतं घर सोडून किनाऱ्यापासून आत जावं लागलं. रात्री ८ नंतर बाहेर पडायचं नाही. आणि अठरा वर्षांची लेक त्याच सरकारच्या जहाजांचे पत्रे जोडायला रिचमंडच्या गोदीत रातपाळीला! तिथल्या चार यार्डांनी लढाईत ७४७ जहाजं बांधली. आई दारापर्यंत यायची, उंबऱ्याच्या आतून डबा द्यायची. ऑक्टोबरात इटालियनांवरची बंधनं उठली. आजींच्या गळ्याखाली वाटाण्याएवढा पांढरा डाग होता, कॉलरमधून ठिणगी आत गेल्याचा. बोलता बोलता बोट तिथेच जायचं.

सोलापुरी चादर
आम्ही पद्मशाली, निजामाच्या मुलुखातून आलेले. आजी तेराव्या वर्षी रिळावर (सूत गुंडाळायच्या कामाला). सूत तेलुगूत मोजायची, शिव्या मराठीत द्यायची. बाकी फार सांगायची नाही. हाताची कातडी मात्र शेवटपर्यंत खरखरीत.

मालवणी खाजा
आमचे आजोबा अजून आहेत. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात पोरवयात लागले. फाटकावर बिडी-काडेपेटी काढून घ्यायचे, एवढंच नेहमी सांगतात. आत्ता हा धागा वाचून दाखवला आणि म्हटलं, तुमचंही लिहू का?
"लिव. पण वय लिवू नको."

धागाकर्ती
@मालवणी खाजा, कागदावरचं की खरं, तेवढं विचारा.